मागच्या स्प्रिंगमधलं रबर

परवा एका जुन्या विद्यार्थ्याच्या नव्या गाडीचे पेढे खायला गेलो होतो. विद्यार्थी म्हणजे आता पंचेचाळिशीचा गृहस्थ, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले. पण माझ्यासमोर अजून हाताची घडी घालून उभा राहतो. त्याने आग्रह करून मला पुढच्या सीटवर बसवलं आणि एक फेरी मारून आणली. "सर, काय मऊ आहे बघा! खड्डा आला कधी, गेला कधी, कळत नाही." खरंच मऊ होती. दारात उतरताना तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "आणि लगेच मागच्या स्प्रिंगांमध्ये रबरी बफरही टाकून घेतले. पाच माणसं बसली की गाडी मागून बसते ना, स्पीडब्रेकरला घासते."

माझ्या तोंडात पेढा होता म्हणून मी काही बोललो नाही. शुभकार्याच्या दिवशी मास्तरकी करू नये एवढं मला आता सत्तरी ओलांडल्यावर कळायला लागलं आहे. पण घरी आल्यावर चैन पडेना. ज्या मऊपणाचं तो कौतुक करत होता तोच त्याने स्वतः पैसे मोजून मागच्या बाजूने काढून टाकला होता. मी मागे बसलो असतो तर मला ते लगेच कळलं असतं. आणि नुसत्या मऊपणाचा प्रश्न असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

हे रबर मीही एकदा टाकून घेतलं होतं. त्याची हकीकत सांगतो.

आम्ही दोघं घाटाखाली राहतो, मुलगी वर कराडला. मधे कुंभार्ली घाट. आमची गाडी लहान, पाच दारांची, सेकंडहँड घेतलेली. एरवी आम्ही दोघंच, पण दिवाळी-गणपतीला मुलगी, जावई आणि नात आले की पाच माणसं आणि मागे बॅगा, नारळ, तांदळाची पिशवी. मग आमच्या वाडीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे (त्याच्याविषयी पुढे बोलूच) तिथे गाडीचं पोट खर्रकन घासायचं. तो आवाज ऐकला की माझ्याच पोटात कालवाकालव व्हायची. गॅरेजमधला मेस्त्री म्हणाला, "सर, मागच्या स्प्रिंगांत बफर टाकून घ्या. सगळे टाकतात. गाडी दोन बोटं वर राहील." अर्ध्या तासाचं काम. स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये एक जाडजूड रबरी कडं बसवलं, दोन्ही बाजूंना. गाडी मागून उचलली गेली आणि ऐटीत दिसायला लागली. गतिरोधकावर घासणंही थांबलं. २०२२च्या दिवाळीतली ही गोष्ट.

२०२३च्या संक्रांतीच्या सुमारास आमची ही न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या मणक्याला बारीक तडा गेला. शस्त्रक्रिया नको, पण पट्टा लावायचा आणि गचके टाळायचे, असं डॉक्टरांनी सांगितलं. तपासणीसाठी दर महिन्या-दीड महिन्याला कराडला न्यायचं होतं. मागच्या सीटवर उशा लावून ती बसायची. निघाल्यापासून दहा मिनिटांत म्हणायची, "अहो, हळू चालवा." मी तीसच्या वेगाने चालवत असायचो! "पूर्वी आपली गाडी अशी नव्हती हो," असंही एकदा म्हणाली. मी म्हटलं, गाडी तीच आहे, तुझी पाठ बदलली आहे. माणूस शिकलेला असला की मूर्खपणाची वाक्यंही कशी व्यवस्थित बोलतो ते पाहा.

त्या ऑगस्टमध्ये कराडहून परत येत होतो. आम्ही दोघंच. पाऊस झिमझिम, घाटातला रस्ता ओला, आणि एका वळणावर डांबराच्या लाटा झालेल्या, धुणं धुवायच्या दगडासारख्या. वळणात शिरताना वेग थोडा जास्त वाटला म्हणून मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. गाडीचं मागचं अंग तडतडत त्या लाटांवरून चक्क बाजूला सरकलं. म्हणजे मी स्टेअरिंग वळवलं होतं त्यापेक्षा गाडी जास्त वळली. तोंड डोंगराकडे, शेपूट दरीकडे. एका क्षणात मी स्टेअरिंग उलटं फिरवलं की नाही मला आठवत नाही. गाडी अर्धी आडवी होऊन थांबली. समोरून कोणी येत नव्हतं. मागून हिचा आवाज आला, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, घसरली जरा. पुढे पाच मिनिटं मी गाडी सुरूच केली नाही. हात थरथरत होते.

दोष सगळा रबराचा होता असं मी म्हणणार नाही. मागचे टायर झिजत आले होते. वळणात मधेच पाय उचलला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाकं हलकी होतात, हे मला माहीत नव्हतं. पण त्याच वळणावरून त्याच टायरांवर मी पूर्वीही गेलो होतो, पावसातच.

माझा पुतण्या चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो गाडीखाली वाकून बघून आला आणि म्हणाला, "काका, हे तुम्हाला कोणी टाकायला सांगितलं?" त्याचा सूर, गृहपाठ न केलेल्या मुलाशी मी ज्या सुरात बोलायचो, अगदी तोच. मग दोन संध्याकाळी ओटीवर बसून त्याने मला शिकवलं. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, मराठी आणि भूगोल शिकवणारा. विज्ञानाचे सर रजेवर गेले की आठवीच्या वर्गावर माझी नेमणूक व्हायची आणि मी कपाटातला ताणकाटा काढून पोरांना स्प्रिंग ताणून दाखवायचो. जेवढा भार दुप्पट तेवढी लांबी दुप्पट वाढते, हा रॉबर्ट हूकचा नियम. हूकने तो आधी १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ साली कोडं सोडवून सांगितला, हे पोरांना फार आवडायचं. एवढंच माझं भांडवल. पण समजून घ्यायला ते पुरलं.

गाडी स्प्रिंगवर ठेवली की स्वतःच्या वजनाने ती थोडी खाली बसते. किती बसते त्यावरून ती सेकंदाला किती हेलकावे घेईल हे ठरतं. सुमारे २५ सेंटिमीटर बसली तर सेकंदाला एक हेलकावा. ११ सेंटिमीटर बसली तर दीड. ६ सेंटिमीटरच बसली तर दोन. सर्वसाधारण मोटारी एक ते दीडच्या आसपास ठेवतात, कारण ते आपल्याला झोपाळ्यासारखं सुखाचं वाटतं. त्याहून फार संथ, म्हणजे अर्ध्याच्याही खाली गेलं की बोट लागल्यासारखं मळमळतं. आणि शर्यतीच्या गाड्या तीनच्याही वर जातात. तिथे पाठीची पर्वा कोणी करत नाही. माणसाच्या शरीराला सगळ्यात जास्त बोचतात ते सेकंदाला चार ते आठ वेळा येणारे उभे हादरे, आणि स्प्रिंग जितकी कडक तितके ते रस्त्यावरून वर, सीटपर्यंत जास्त पोचतात. म्हणजे हिची तक्रार खरी होती. पाठ बदलली होती हे खरं, पण गाडीही बदलली होती, आणि ती मी बदलली होती.

आता रबराने नेमकं काय होतं? स्प्रिंगला समजा सहा वेटोळी आहेत. त्यातल्या दोहोंमध्ये रबर ठासलं की एक वेटोळं जवळजवळ कामातून जातं, पाचच उरतात. तार तीच आणि वेटोळी कमी म्हणजे स्प्रिंग कडक. सहा भागिले पाच, म्हणजे एकपंचमांशाने कडक, आणि रबराचा स्वतःचा ताठरपणा आहेच. (तारेची जाडी तर याहून तिखट प्रकरण आहे. १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटरची तार वापरली तर स्प्रिंग एकतृतीयांशाहूनही जास्त कडक होते, कारण जाडीचा चौथा घात घ्यावा लागतो. जरा जाड स्प्रिंग टाकून देतो म्हणणाऱ्या मेस्त्रीला हे ठाऊक असतं की नाही, देव जाणे.) आणि स्प्रिंग कडक केली की तिचे हेलकावे आवरणारा शॉकॲब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकअप, अपुरा पडायला लागतो. तो जुन्या स्प्रिंगशी जमवलेला असतो. आमचे तर नव्वद हजार किलोमीटर चाललेले होते.

तरी कडक स्प्रिंगने पाठ दुखेल, गाडी का घसरावी? उलट कडक गाडी रस्ता घट्ट धरते असंच आपण ऐकतो. मीही पुतण्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "काका, कडक म्हणजे घट्ट हे गुळगुळीत रस्त्यावर काही प्रमाणात खरं. मऊ गाडी वळणात कलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, स्टेअरिंग फिरवल्यावर जरा उशिराने वळते. कलताना चाकांचे कोनही बदलतात, म्हणून सारखं स्टेअरिंग सावरत राहावं लागतं. पण रस्ता खडबडीत असेल तर कडक स्प्रिंगवरचं चाक खाचेत उतरतच नाही, एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतं. आणि जे चाक हवेत आहे ते काय धरणार?"

हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे, फक्त या शब्दांत नाही. आमच्या वेळची एसटी रिकामी असली की मागच्या बाकावरचा माणूस टपाला टेकायचा, आणि गच्च भरली की तीच एसटी गुमान, डुलत चालायची. खालचे कमानपाटे भरलेल्या गाडीच्या हिशेबाने घातलेले. रिकाम्या गाडीला ते फार कडक. पाच माणसांसाठी टाकलेलं रबर घेऊन मी दोन माणसांची गाडी घाटातून आणत होतो, म्हणजे माझी रिकामी एसटीच झाली होती. लहान गाडीत ही अडचण मुळातच जास्त. आठ-नऊशे किलोच्या गाडीत पाच मोठी माणसं आणि सामान म्हणजे साडेतीन-चारशे किलोची भर. रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा बरी चालेल अशी मागची स्प्रिंग घालणं म्हणजे एकाच सदऱ्यात बाप आणि मुलगा बसवण्यासारखं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती त्याने शेवटी सांगितलेली गोष्ट. वळणात गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती जातो ते गाडीची उंची, रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. स्प्रिंग त्यात जवळपास काहीच कमीजास्त करू शकत नाही. मात्र त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, हे स्प्रिंगा ठरवतात. जी जोडी जास्त कडक, तिच्या वाट्याला जास्त. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. समजुतीसाठी आकडे घेऊ. दोन टायरांवर २००-२०० किलो असताना प्रत्येकाची पकड १८०, दोन्ही मिळून ३६०. भार ३०० आणि १०० असा वाटला गेला तर पकड समजा २५० आणि ९५, मिळून ३४५. आणि ३५० आणि ५० झाला तर २८० आणि ४८, मिळून ३२८. भार तेवढाच, पण वाटणी बिघडली म्हणून पकड कमी. मागच्या स्प्रिंगा कडक केल्या की ही बिघडलेली वाटणी मागच्या चाकांच्या गळ्यात पडते. पुढच्यांचं ओझं उलट हलकं होतं.

कारखान्यातून निघताना साध्या मोटारी मुद्दाम अशा जुळवलेल्या असतात की पकड सुटायचीच झाली तर आधी पुढच्या चाकांची सुटावी. मग गाडी हवी त्यापेक्षा कमी वळते, घाबरलेला माणूस पाय उचलून स्टेअरिंग आणखी वळवतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरतं. मागच्या चाकांची आधी सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरायला बघते, आणि त्या वेळी काय करायचं हे शंभरातल्या नव्व्याण्णवांना माहीत नसतं. मी त्या नव्व्याण्णवांतला. दोन रबरी कड्यांनी मी ती जुळवणी माझ्या अज्ञानात मागच्या बाजूला सरकवली होती.

ही जुळवणी काही एका दिवसात साधलेली नाही. नंतर मी स्वतः थोडं वाचलं. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनिअर, आधी रोल्स-रॉइसमध्ये होता, १९३० साली अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला. त्या काळच्या गाड्यांत पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा कडक असायच्या. वजनं पुढेमागे हलवता येतील अशी एक गाडी तयार करून त्याने माणसं बसवून चालवून पाहिली, आणि ध्यानात आलं की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. कारण उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागचा हेलकावा जरा जलद असला की तो पुढच्याला गाठतो आणि गाडी बकरीसारखी पुढेमागे डोलत नाही, सपाट राहते. पण पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या की तेव्हाच्या अखंड आसावरची पुढची चाकं थरथरायची आणि स्टेअरिंग हातात ठरायचं नाही. पाठीला सुख द्यावं तर हाताला दुःख. यातून सुटका म्हणून पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी करावी लागली, आणि १९३४ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत ती रचना आली. म्हणजे नुसती स्प्रिंग बदलून काम भागलं नाही. स्प्रिंग बदलली म्हणून चाकाची अख्खी बैठक बदलावी लागली.

हे वाचल्यावर मला पुन्हा त्या मेस्त्रीचं 'अर्ध्या तासाचं काम' आठवलं.

आणि मऊ म्हणजे डळमळीत असंही नाही बरं का. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीची टूसीव्ही नावाची गाडी १९४८ साली आली. शेतकऱ्याने टोपलीत अंडी ठेवून नांगरलेल्या शेतातून गाडी न्यावी आणि अंडं फुटू नये, अशी तिच्यासाठी अट घातलेली होती. स्प्रिंगा इतक्या मऊ की वळणात ती गाडी आता आडवी होते की काय असं वाटायचं. पण चाकं जमीन सोडत नसत. एका बाजूचं पुढचं आणि मागचं चाक एकमेकांशी स्प्रिंगांनी जोडलेलं, त्यामुळे दोघं एकमेकांना सांभाळून घेत. तिथेही गुण नुसत्या मऊपणाचा नव्हता, पुढच्या-मागच्याच्या नात्याचा होता.

याच्या उलटचं उदाहरण शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअरचं. मागे इंजिन असलेली अमेरिकन गाडी. सुरुवातीच्या, १९६० ते १९६३च्या गाड्यांना पुढच्या बाजूला कलण्याला विरोध करणारी आडवी सळई नव्हती. त्याऐवजी टायरमधल्या हवेवर काम भागवलं होतं : पुढे १५ पौंड, मागे २६ पौंड. आता सगळी टायरं सारखी भरायची सवय असलेल्या माणसाला हे कोण समजावणार? पुढची हवा वाढली की पुढची पकड वाढायची आणि गाडी मागून फेकायची. राल्फ नेडरने १९६५ साली आपल्या पुस्तकात या गाडीवर पहिलंच प्रकरण लिहिलं. कंपनीने १९६४च्या गाडीत ती सळई घातलीच होती, आणि १९७२ साली अमेरिकी सरकारच्या चाचण्यांत ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांहून वाईट नाही असंही ठरलं. ते प्रकरण बरंच गुंतागुंतीचं आहे. मला त्यातून दिसतं ते इतकंच की चाकातली चार पौंड हवासुद्धा गाडीचा स्वभाव बदलते. मग स्प्रिंगमध्ये ठोकलेलं रबर बदलणार नाही का?

मी रबर काढून टाकलं. मेस्त्री नाराज झाला नाही, पण त्याला पटलंही नाही. "सर, सगळ्यांच्या गाड्यांत आहेत. कोणाचं काही झालं नाही." हे वाक्य मी आयुष्यभर पालकांकडून ऐकत आलो आहे, वेगवेगळ्या विषयांत. ज्यांचं झालं ते सांगायला गॅरेजमध्ये येत नाहीत, आणि घाटातल्या अपघाताच्या पंचनाम्यात 'चालकाचा ताबा सुटला' यापलीकडे काही लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. ताबा का सुटला हे स्प्रिंगला कोणी विचारत नाही.

ज्यांना रोजच पाच माणसं आणि ओझं न्यायचं आहे त्यांची गोष्ट वेगळी, हे मला मान्य आहे. त्यांनी मागच्या टायरची हवा पुस्तकात भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी, थकलेल्या स्प्रिंगा असतील तर कंपनीच्या मापाच्याच नव्या घालाव्यात, शॉकअप तपासावेत. पुष्कळदा गाडी मागून बसते ती मऊ असते म्हणून नव्हे, थकलेली असते म्हणून. आमच्या गाडीचंही तसंच निघालं. नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप घातल्यावर हिला मी पुढच्या सीटवर बसवायला लागलो, कारण मागच्या चाकाच्या डोक्यावर बसण्यापेक्षा दोन आसांच्या मधे बसलं की गचका कमी लागतो. मागच्या फेरीला पाटणपर्यंत तिला झोप लागली होती.

आता त्या गतिरोधकाविषयी. मला खरा राग आहे तो तिथे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच लिहून ठेवलं आहे की गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलाईचा असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सुखाने जाते. मी शेजारच्या दोन पोरांना टेपचं एकेक टोक धरायला लावून आमचा गतिरोधक मोजला. उंची १९ सेंटिमीटर. रुंदी ९० सेंटिमीटर. हा गतिरोधक नव्हे, कुंपणाचा गडगा आहे. असे गडगे रस्त्यारस्त्यांत बांधायचे आणि मग लाखो लोकांनी आपापल्या गाड्यांच्या स्प्रिंगांत रबरं ठोकून त्या उंच करायच्या, आणि वळणावर बिघडलेल्या गाड्या घेऊन घाटात जायचं! दुखणं रस्त्याला, औषध गाडीला, आणि बाधा मागे बसलेल्या माणसाला.

मी आकड्यांसह अर्ज लिहिला आहे, सोबत हाताने काढलेली आकृती. पोच मिळाली, तिलाही आता सात महिने झाले. त्या विद्यार्थ्याला उद्या सकाळी फोन करणार आहे. पेढा आता पचला आहे.

तोवर आमची सोय आम्ही केली आहे. मुलगी-जावई आले की गतिरोधकाच्या अलीकडे मी गाडी थांबवतो. जावई, मुलगी आणि नात उतरतात, गडगा पायी ओलांडतात. मी आणि ही गाडीतून तिरक्या चालीने, एकेक चाक चढवत पलीकडे जातो. मग सगळे पुन्हा बसतात. नातीला वाटतं हा आजोबांच्या गावचा काहीतरी रिवाज आहे. गेल्या वेळी तिने पलीकडे उभं राहून आम्हाला टाळ्या वाजवल्या.